धुळ्यात रोज चालवायला स्वस्तातली फिक्सी: रंग नंतर, आधी मागचा हब

रस्त्यावर चालवायला धड अशी फिक्सी, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरतं अशी सायकल, पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळते, हे आधीच सांगून टाकते. सिग्नलला गाडी बघून विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. फक्त ती ओळखायची तर रंगीत रिम आणि कंपनीचं स्टिकर बाजूला ठेवायचं आणि वाकून मागच्या चाकाचा हब, म्हणजे स्पोक जिथे मिळतात तो मधला भाग, बघायचा. मी कंपन्यांची नावं लिहीत नाहीये ती याचसाठी. स्टिकर आणि रंग दर वर्षी बदलतात, हबवरचा आटा, म्हणजे स्क्रूसारखे फेरे, आहे तोच राहतो.

माझं काम पॅथॉलॉजी लॅबचं. सकाळी देवपुरातून निघायचं, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, पांझरा ओलांडून आग्रा रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या करायच्या आणि नमुन्यांचा डबा वेळेत लॅबमध्ये पोचवायचा. हे सगळं मी फिक्सीवर करते. त्यामुळे शर्यत किंवा स्टंट डोक्यात ठेवून वाचणाऱ्यांना यात फारसं काही सापडणार नाही. खानदेशातल्या एका गावात, खड्डे आणि गर्दी गृहीत धरून, रोजच्या वापराला गाडी कशी निवडायची तेवढंच सांगते.

ज्यांनी चालवली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या सायकलवर पायडल मारणं थांबवलं की मागून टिकटिक येते आणि गाडी आपली पुढे जात राहते. ते फ्रीव्हीलमुळे. फिक्सीला फ्रीव्हील नसतं. मागचा दातेरी गिअर हबवर पक्का बसवलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पाय आवरले की गाडी आवरते. ही मुळात वेलोड्रोमवरची, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवरची गाडी. तिथे तिला ब्रेकसुद्धा नसतो.

धुळ्याला ती मानवते. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेशाचं मुख्य ठाणं धुळ्यात आणलं आणि कॅप्टन ब्रिग्जने सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखून घेतली. आजही मधल्या शहरातल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की पार पुढचं दिसतं. चढ असे नाहीतच. पुलावर चढताना जरा जोर लागतो तेवढाच. आणि पाचकंदीलच्या गर्दीत, जिथे हातगाडी, शेळी, रिक्षा आणि पिशव्या घेतलेल्या बायका एकाच वेळी आडव्या येतात, तिथे फिक्सी इतकी हळू आणि इतकी हाताखाली चालते की मला गिअरची सायकल परत घ्यावीशी वाटत नाही. पाय अर्धा इंच आवरला तरी गाडीला कळतं. डब्यातल्या नळ्यांना धक्का बसत नाही. एकदम ब्रेक मारून थांबायची वेळच कमी येते, कारण वेग आधीपासून पायात असतो.

आता खरेदीचं.

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे साध्या देशी सायकलला फिक्सी करून घ्यायची. ऐकायला हे सगळ्यात स्वस्त. गाडी पाच-सात हजारांची, चेन तीच, एकच गिअर आधीपासून, मागचा एक्सल (चाकाचा दांडा) बसतो ती फ्रेमची खाचही आडवी, म्हणजे चेन ताणायची सोय तयार. बघता बघता कुणीतरी सुचवतं की अवधान एमआयडीसीत वेल्डर ओळखीचा आहे, फ्रीव्हील वेल्ड मारून जाम करून घेऊ. कृपा करून करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रीव्हीलच्या पोलादाची कडकी जाते, आणि खरी अडचण तर त्याच्याही मागे आहे, आट्यात.

फ्रीव्हील हबवर उजव्या आट्याने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून, चढतं. पुढे पायडल मारलं की ते आणखी घट्ट होतं, म्हणून साध्या सायकलला कधी काही होत नाही. फिक्सीवर मात्र आपण पायाने मागे दाब देऊन गाडी आवरतो. तो दाब गिअरला उलटा फिरवायला बघतो. साध्या हबवर त्याला धरून ठेवायला काही नसतं. गिअर सुटतो आणि पायडल नुसतंच मागे फिरतं, तेही नेमकं थांबायची गरज असते तेव्हा.

ट्रॅकच्या हबला यावर उपाय असतो. गिअरच्या आट्याला लागून बाहेरच्या बाजूला दुसरा, थोडा लहान आटा असतो आणि तो उलटा असतो. त्यावर लॉकरिंग, म्हणजे गिअरला धरून ठेवणारी कडी, बसते. गिअर सुटायच्या दिशेने सरकला की तो लॉकरिंगला आणखी घट्ट करतो. हबवर ही दोन पायऱ्यांची रचना दिसली तर गाडी फिक्सी आहे. एकच सलग आटा दिसला तर विकणारा काहीही म्हणो, ती फिक्सी नाही.

दुसरी वाट इथेच फसवते. फोनवर दिसणारी, पिवळी चेन, जांभळे रिम, सरळ हँडल, खाली मोठ्या अक्षरात फिक्सी लिहिलेलं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने अशी मागवली. मागचं चाक काढून बघितलं तर हब एकाच आट्याचा, त्यावर गिअर, आणि गिअरच्या बाहेर चक्क बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचे दांडे ज्यात फिरतात त्या फ्रेममधल्या भागाची, लॉकरिंग आवळलेली. मापाने ती बसते, कारण दोन्हींचा आटा एकच, १.३७ इंच आणि इंचाला २४ फेरे. पण ती रिंगही उजव्या आट्याची, म्हणजे गिअर सुटला तर सोबत तीही सुटते. गाडीला पुढचा ब्रेक नव्हता. त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी फ्रीव्हील बसवायला लावलं आणि पुढे-मागे ब्रेक घालायला लावले. आता ती चांगली साधी सायकल आहे, दिसतेही छान, आणि तिला त्यापेक्षा जास्त काही म्हणायचं कारण नाही.

तिसरी वाट मी घेतली आणि तीच सांगते: फ्लिप-फ्लॉप हबची, स्टीलची, जुनी गाडी. फ्लिप-फ्लॉप म्हणजे मागच्या हबच्या एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला लॉकरिंगसकट फिक्स गिअर. चाक काढून फिरवून बसवलं की गाडीचा स्वभाव बदलतो. शिकताना फ्रीव्हीलच्या बाजूने चालवायची, पाय बसला की उलटवायची. माझी नाशिकच्या एका कॉलेजच्या मुलाकडून १३,००० ला घेतली. नवी घ्यायला गेलं तर त्याच दर्जाची वीसच्या आसपास जाते. अशा जुन्या गाड्या नाशिक-पुण्याकडे निघतात, कारण नोकरी लागली की मुलं मोटारसायकल घेतात.

जुनी घेताना काय बघितलं ते सांगते. मागचं चाक हातात घेऊन लॉकरिंगच्या आट्यावर नखाने फिरवून बघितलं, कुठे कुरतडलेला नाही ना. गिअरचे दात टोकदार झालेत का ते पाहिलं. साखळी अर्धा इंच बाय एक-अष्टमांश हवी, म्हणजे आपल्या देशी सायकलीचीच. ती कुठल्याही दुकानात लटकत असते आणि फारशी महाग नसते, ही फिक्सीची धुळ्यातली सगळ्यात मोठी सोय. एक्सलच्या खाचा मागे उघड्या, आडव्याच पाहिजेत. खालून वर जाणारी उभी खाच असेल तर चेन ताणता येत नाही, गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. फ्रेमचं पोलाद साधं असेल तर गाडी साडेअकरा-बारा किलोच्या आसपास जाते. आपल्या रस्त्यांना तेवढं वजन चालतं. क्रोमोलीची, म्हणजे जास्त मजबूत मिश्र पोलादाची, मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी पाच हजार जास्त देऊ नका, ते टायरला लागतील.

आणि क्रँकची, म्हणजे पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याची, लांबी. यावर कुणी बोलत नाही. फिक्सीवर वळणात पायडल थांबवून वर धरता येत नाही, ते फिरतच राहतं. १७० मिलिमीटरच्या क्रँकने तीव्र वळणावर पायडल रस्त्याला घासतं, १६५ ने बरंच वाचतं. स्पीडब्रेकरवरही तेच. साध्या सायकलवर दोन्ही पाय आडवे धरून उभं राहून तो पार करतो, इथे पायांची फेरी आणि स्पीडब्रेकर यांची वेळ जुळवावी लागते. आमच्याकडे कॉलनी-कॉलनीत स्वतःचा स्पीडब्रेकर आहे आणि एकाचं माप दुसऱ्याला नाही, तेव्हा हे लवकर शिकाल.

दुकानाबद्दल लिहायलाच हवं, कारण गाडी घेऊन गावात आलात की पुढचा प्रश्न तोच. मी ज्या आप्पांकडे जाते त्यांचं दुकान म्हणजे गल्लीतली एक शटरची खोली, बाहेर पंप, आत छर्ऱ्यांचे डबे आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या रिम. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्यांनी पुढचं-मागचं बघितलं, पायडल उलटं फिरवून बघितलं आणि विचारलं, "हाई गाडी थांबस कशी, ताई?" मी दाखवलं. मग गिअर बदलायचा म्हणून त्यांनी पंच आणि हातोडी घेतली आणि लॉकरिंगवर नेहमीच्या दिशेने ठेवली. म्हटलं, आप्पा, उलटा आटा आहे. त्यांनी हातोडी खाली ठेवली, चष्मा वर केला, चाक उजेडात धरून आट्याच्या दोन्ही पायऱ्या अंगठ्याने चाचपल्या. "डावा पायडलसारखं शे मंग," म्हणाले. अगदी बरोबर. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो तो याच कारणाने, फिरण्याच्या ताकदीने सुटू नये म्हणून. मला हे समजवायला दहा वाक्यं लागली असती.

त्यानंतर गिअर आवळायला माझ्याकडे खास पाना नव्हता, तर मी ऐकलेली युक्ती सांगितली आणि आप्पांनी ती लगेच उचलली. आट्याला ग्रीस लावून गिअर हाताने चढवला, चाक फ्रेममध्ये ठेवलं, चेन गिअरवर घालून पुढे बॉटम ब्रॅकेटच्या नळीभोवती गुंडाळली, रंग जाऊ नये म्हणून खाली फडकं दिलं, आणि चाक हळूहळू मागच्या दिशेने फिरवलं. चेनने गिअर धरून ठेवला, चाकाच्या अख्ख्या त्रिज्येची ताकद मिळाली, आणि गिअर असा बसला की पान्याने बसला नसता. मग लॉकरिंग उलट्या दिशेने, हुक पान्याने. तो पाना मी नंतर मागवला आणि आप्पांकडेच ठेवला. सगळ्या कामाचे पन्नास रुपये घेतले.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांच्या हाताला तोड नाही. स्टँड नाही, डायल नाही, ब्रेकच्या रबराजवळ अंगठ्याचं नख धरून चाक फिरवतात आणि स्पोकला पाव फेरा देतात. माझी तक्रार एकच आहे, ती त्यांना तोंडावर सांगितली आहे: चेन फार ताणतात. तंबोऱ्याच्या तारेसारखी. चेनव्हील, म्हणजे पुढची मोठी दातेरी चकती, पूर्ण गोल कधीच नसतं, त्यामुळे फेरीत एका जागी चेन जास्त ताणली जाते आणि हबच्या छर्ऱ्यांवर भार येतो. सगळ्यात ताणलेल्या जागी बोटाने वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलायला हवी. ढिली तर अजिबात नको. फिक्सीवर चेन उतरली तर ती गिअरमध्ये अडकून मागचं चाक जागेवर जाम करू शकते.

गिअरचं गणित आता. पुढे ४४ दात आणि मागे १८, हे माझं आणि तेच मी धुळ्यात सुचवेन. चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेरीला गाडी सव्वापाच मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर तासाला २८ किलोमीटरचा वेग. गावात याहून जास्त लागत नाही. बऱ्याच गाड्या ४६-१६ वर येतात, एका फेरीला सहा मीटरच्या वर. मोकळ्या रस्त्यावर ते छान वाटतं, पण गर्दीत दर थांब्यानंतर उठायला गुडघ्यावर येतं आणि आवरायलाही जड जातं.

मागचं चाक घसरवून थांबायची ज्यांना हौस आहे त्यांनी आणखी एक बघावं. पाय नेहमी एकाच स्थितीत आवरले जातात, त्यामुळे टायर ठरावीक जागांवरच झिजतो. त्या जागा किती हे दातांच्या गुणोत्तरावर ठरतं. ४८-१६ म्हणजे ३ ला १, झिजायची जागा एकच, टायर तिथे बघता बघता धाग्यावर येतो. ४४-१६ ला चार. ४४-१८ म्हणजे २२ ला ९, नऊ जागा. ४४-१७ ला सतरा. एका दाताचा फरक, पण टायरचं आयुष्य त्याने बदलतं. मी स्वतः घसरवत नाही. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा डांबर मऊ पडलेलं असतं आणि टायरचं रबर त्यावर वाया घालवावंसं वाटत नाही.

पुढचा ब्रेक लावाच. यात दोन मतं असू शकत नाहीत. पायाने आवरणं म्हणजे फक्त मागच्या चाकाने थांबणं, आणि थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, पकड सुटते. पुढच्या ब्रेकने त्यापेक्षा साधारण दुप्पट जोरात थांबता येतं. लळिंगच्या घाटातून उतरून बघा म्हणजे पटेल. तासाला ४० चा वेग आला की माझ्या गिअरवर पाय मिनिटाला १२७ फेऱ्या घेत असतात. तिथे पाय मागे दाबून बघायचं धाडस करू नका, ब्रेक धरूनच उतरा. बिनब्रेकची गाडी फोटोत चांगली दिसते म्हणून ब्रेक काढणाऱ्या मुलांचा मला राग येतो, खरंच येतो. समोर आलेल्या म्हातारबाबांचा त्यात काय दोष?

टायरवर मात्र धुळ्यात अडतं. दुकानात २८ इंची म्हणून जो टायर मिळतो तो देशी सायकलीचा, २८ बाय दीड. त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर. फिक्सीचं ७०० सी चाकही बोलताना २८ इंचीच, पण त्याचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, तो टायर रिमवर ढिला पडतो, चालत नाही. दुकानदार "बसतो हो" म्हणाला तरी टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा. हायब्रीड सायकलींमुळे ७०० चे टायर हल्ली थोडे दिसायला लागलेत, पण त्यातले ३५-३८ मिलिमीटर रुंदीचे, जाड असतात, आणि बऱ्याच फिक्सींच्या फ्रेममध्ये ते मावत नाहीत. म्हणून फ्रेम निवडतानाच किमान ३२ चा टायर बसून वर बोटभर जागा राहते का ते बघा. २३ आणि २५ चे बारीक टायर आपल्याकडे नकोच. नकाण्याच्या तलावाकडे सकाळी गेलात तर रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे पसरलेले असतात, बारीक टायर त्यात टिकत नाही.

त्या बोटभर जागेचं दुसरं कारण पावसाळ्यात कळतं. डांबर सोडून शेताच्या कडेने गाडी नेली की काळी माती टायरला धरते आणि ब्रेकच्या खाली थरावर थर साचत जातो. घट्ट फ्रेमच्या गाडीचं चाक तिथल्या तिथे अडकतं. साध्या सायकलवर निदान पायडल सोडून ढकलता येतं, फिक्सी ढकलताना पायडलही फिरतं आणि पोटरीला लागतं. मडगार्ड लावायची छिद्रं फ्रेमला असतील तर त्या गाडीला माझ्याकडून दोन गुण जास्त.

खोल, रुंद रिम घेऊ नका. स्वस्त गाडीत ते ॲल्युमिनियमचे आणि जड असतात. साक्री रोडला बाजूचा वारा सुटला की पुढचं चाक हाताला ओढ देतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही विनाकारण नाहीत.

बायकांसाठी खास: ओढणी आणि सैल सलवार या गाडीवर नको. साध्या सायकलवर कपडा चेनमध्ये गेला तर पाय थांबवता येतो, इथे चाक पाय थांबू देत नाही. मी उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी लावते आणि ओढणी ऐवजी सदऱ्यावर जॅकेट घालते. चप्पल घालूनही चालवू नका, पायडलला पट्टे लावा, पाय निसटला की फिरतं पायडल नडगीवर येतं.

गुडघे दुखत असतील, रोज शिरपूर-धुळे असं हायवेने लांब जायचं असेल किंवा मागे डबल सीट बसवायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. त्यासाठी गिअरची किंवा साधी कॅरिअरची सायकल बरी. गावातल्या गावात, दहा-बारा किलोमीटरच्या आत, एकट्याने, रोज फिरणाऱ्या माणसाला मी ही बिनधास्त सुचवेन. तेलपाणी सोडलं तर माझ्या गाडीला आजवर चेन आणि मागचा टायर एवढंच लागलं आहे. चेन आप्पांकडेच मिळाली. टायर नाशिकहून आणवला, ३२ चा, आणि जोडीला एक जास्तीचा घेऊन आप्पांच्या दुकानात टांगून ठेवला आहे. कुणाला अडचण आली तर तो वापरा, मला नवा आणून द्या.